हरतालिकेचा फोन : टॅक्स क्रेडिटच्या ओव्हरपेमेंटच्या नोंदी

(टॅक्स क्रेडिट म्हणजे ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकारकडून मिळणारे पैसे; ओव्हरपेमेंट म्हणजे हक्कापेक्षा जास्त दिले गेलेले. ही योजना एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. खालचे नियम आणि आकडे त्या वेळचे आहेत.)

३१ ऑगस्ट २०१९, शनिवार

धाकटी सकाळीच हाउन्स्लोहून स्लाउला आली. बाळ कडेवर, थोरला बोटाला, खांद्याला कागदांनी फुगलेली कापडी पिशवी. चहा होईपर्यंत गप्प होती. मग एक पाकीट माझ्यासमोर सरकवलं.

२७ ऑगस्टची अंतिम अवॉर्ड नोटीस, म्हणजे वर्षाची मंजूर रक्कम ठरवणारं पत्र. २०१८-१९ मध्ये तुम्हाला २,३७० पौंड जास्त दिले गेले, ते चालू अवॉर्डमधून वळते करून घेऊ. दर चार आठवड्यांना ३४० च्या वर जमा व्हायचे, ते या खेपेला शंभराच्याही खाली आले. तिचा नवरा डिलिव्हरीची व्हॅन चालवतो, ती संध्याकाळी केअर होममध्ये जाते. दोघांच्या पाळ्या उलटसुलट लावून मुलं सांभाळतात. भाडं भागल्यावर जे उरतं त्यात हे पैसे धरलेले असतात.

"ताई, आम्ही काही लपवलं नाही गं."

मला माहीत आहे. आणि आणखी एक गोष्ट माहीत आहे, ती आधी लिहिते. जुलैच्या शेवटी रिन्युअलची, म्हणजे दरवर्षी उत्पन्न कळवायची, मुदत संपत आली तेव्हा हिने मला फोन करून विचारलं होतं की उत्पन्न किती सांगू. मी कामावर होते. "दोघांच्या पी६० वरचे आकडे बेरीज कर आणि सांगून टाक," एवढंच मी म्हणाले. (पी६० म्हणजे मालक वर्षअखेर देतो तो पगाराचा दाखला.) मी दिवसभर हिशेबाचंच काम करते, म्हणून तिने डोळे झाकून ऐकलं. तेव्हा हे काम आता माझं.

नोटिशीवर हरकत घ्यायला ३० दिवस. म्हणजे २६ सप्टेंबर.

१ सप्टेंबर, रविवार

उद्या गणपती. सारण करून झाकून ठेवलं आणि रात्री कागद जमिनीवर पसरले.

२,३७० हा एकच आकडा दिसतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक उत्पन्नाची, दुसरी थोरल्याच्या नर्सरीच्या खर्चाची. हे वेगळं करायलाच दोन तास गेले, कारण नोटिशीत ते शेजारी शेजारी कुठेच लिहिलेलं नाही. आजचा दिवस उत्पन्नाचा.

धाकटीच्या पी६० वर वर्षाचा पगार ८,२१७ पौंड. त्याच्याच खाली एक छोटा चौकोन आहे, मी जुलैमध्ये तो विचारलाच नाही: वरच्या आकड्यात धरलेलं स्टॅट्युटरी मॅटर्निटी पे, म्हणजे बाळंतपणाच्या रजेचा कायद्याने मिळणारा पगार, ६,०८७ पौंड. बाळ मे २०१८ चं. ती २३ एप्रिलपासून रजेवर होती, पूर्ण ३९ आठवडे. पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, म्हणजे २१६ पौंड, आणि पुढचे ३३ आठवडे १४५.१८ पौंड.

टॅक्स क्रेडिटसाठी उत्पन्न मोजण्याचे नियम २००२ सालचे आहेत. त्यांत स्पष्ट आहे की मॅटर्निटी पेमधले आठवड्याला पहिले १०० पौंड उत्पन्न म्हणून धरायचेच नाहीत. इन्कम टॅक्सला ते धरतात, टॅक्स क्रेडिटला नाही. म्हणून पी६० वरचा आकडा जसाच्या तसा सांगणं हीच चूक.

३९ आठवडे गुणिले १००. ३,९०० पौंड आम्ही स्वतःहून जास्त सांगितले.

३ सप्टेंबर, मंगळवार

रात्री दीड वाजता ताळा जुळला. सगळं इथे उतरवून ठेवते, पत्रात हेच जाईल.

नवऱ्याचा पी६०: १९,४०० पौंड. त्याच्या पगारातून वर्षभरात पेन्शनसाठी ३२१ कापले गेले, त्यावर पेन्शनवाल्यांनी करसवलतीचे ८० मिळवले, एकूण ४०१. त्याच्या कंपनीची पेन्शन अशा प्रकारची आहे की हे पैसे पी६० वरच्या आकड्यातून वजा झालेले नसतात. ते आपण वजा करायचे, आणि तेही ३२१ नव्हे, पूर्ण ४०१. (काही ठिकाणी पेन्शन आधीच वजा होऊन पी६० वर येते. तिथे पुन्हा वजा केली तर उलटी चूक होईल, म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या बघूनच ठरवलं.)

आम्ही सांगितलेलं: १९,४०० अधिक ८,२१७, म्हणजे २७,६१७.
खरं: त्यातून ३,९०० आणि ४०१ वजा, म्हणजे २३,३१६.

आधीच्या वर्षाचं, २०१७-१८ चं, उत्पन्न २२,००० होतं. तेव्हा नवऱ्याची गोदामातली नोकरी गेली होती आणि व्हॅनचं काम ऑक्टोबरपासून लागलं. आता नियम असा, की उत्पन्न आधीच्या वर्षापेक्षा २,५०० पौंडांपर्यंत वाढलं तर ती वाढ सोडून देतात आणि जुनंच उत्पन्न धरतात. त्याहून जास्त वाढलं तर नव्या उत्पन्नातून २,५०० वजा करून उरलेलं धरतात.

खऱ्या आकड्याने वाढ १,३१६. सोडून द्यायच्या मर्यादेत. धरायचं उत्पन्न २२,०००.
चुकीच्या आकड्याने वाढ ५,६१७. धरलं गेलं २५,११७.

फरक ३,११७. ६,४२० पौंडांच्या वरच्या प्रत्येक पौंडामागे क्रेडिट ४१ पेन्सने उतरतं. ३,११७ चे ४१ टक्के १,२७८. नोटिशीतला उत्पन्नाचा भाग हाच. म्हणजे हे १,२७८ पौंड जास्त दिलेच गेले नव्हते. आमच्या एका चुकीच्या आकड्याने ते कागदावर तयार झाले.

आणि तोच २७,६१७ चा आकडा २०१९-२० च्या अवॉर्डलाही लागला आहे. म्हणून यंदाचे पैसे मुळातच कमी झाले आणि वर अर्धे कापले जाताहेत. वर्षाचं उत्पन्न २०,००० च्या वर असलं की चालू अवॉर्डमधून ५० टक्क्यांपर्यंत वसुली करतात. २०१६ आधी ती २५ टक्के असायची. एकाच चुकीचा मार दोन बाजूंनी.

७ सप्टेंबर, शनिवार

आज लायब्ररीत बसून टॅक्स क्रेडिटवाल्यांची ओव्हरपेमेंटबद्दलची पुस्तिका, सीओपी२६, दोनदा वाचली. धाकटीलाही समजावली, कारण फोनवर तिलाच बोलायचं आहे.

इथे दोन दारं आहेत आणि लोक चुकीच्या दारावर टकटक करत राहतात. मी स्वतः गेल्या आठवड्यात "डिस्प्यूटचा फॉर्म भरू" असं म्हणत होते. तो भरला असता तर १,२७८ पौंड हातचे गेले असते.

पहिलं दार मँडेटरी रिकन्सिडरेशनचं. "तुमचा आकडाच चुकीचा आहे, निर्णय पुन्हा बघा." मुदत ३० दिवस. तिथे नाही झालं तर ट्रायब्युनल, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरण. हे मागितलं की निकाल लागेपर्यंत वसुली थांबते.

दुसरं दार डिस्प्यूटचं, फॉर्म टीसी८४६. "आकडा बरोबर असेल, पण पैसे जास्त गेले ते तुमच्या चुकीने. आम्ही आमचं काम वेळेवर केलं होतं, म्हणून परत मागू नका." मुदत तीन महिने. इथे ट्रायब्युनल नाही आणि वसुली चालूच राहते.

उत्पन्नाची चूक आमची आहे, ती पहिल्या दारानेच जाणार. चूक आमची असली तरी त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे प्रश्न दोष कोणाचा हा नसून खरं उत्पन्न किती हा आहे. धाकटीला हे पटायला वेळ लागला. "आपणच चुकीचं सांगितलं, आता कुठल्या तोंडाने मागायचं?" असं ती म्हणत होती. हक्काचे पैसे मागायला तोंड कसलं लागतं?

नर्सरीचा भाग दुसऱ्या दाराचा. तो नंतर.

१० सप्टेंबर, मंगळवार

रिकन्सिडरेशनचं पत्र पोस्टात टाकलं, सही घेऊन पोहोचेल असं. सोबत दोन्ही पी६०, नवऱ्याच्या बारा पगारचिठ्ठ्या, पेन्शनचं वार्षिक विवरण, धाकटीच्या मालकाचं मॅटर्निटी पेच्या तारखांचं पत्र. हिशेब एका पानात. पहिलं वाक्य: "२९ जुलैला आम्ही सांगितलेलं उत्पन्न चुकीचं होतं; ते का आणि किती, ते खाली दिलं आहे." चूक पहिल्या ओळीत कबूल केली की वाचणाऱ्याला ती शोधत बसावं लागत नाही.

टीसी६८९ भरून मला तिच्या वतीने बोलायची परवानगीही लावली. आणि फोन करून चालू वर्षाच्या अवॉर्डसाठी धरलेलं उत्पन्न २३,३१६ करून घेतलं. फोनची वेळ, मिनिटं, बोलणाऱ्याचं पहिलं नाव, सगळं वहीत.

२१ सप्टेंबर, शनिवार

आता नर्सरी. थोरला सप्टेंबर २०१८ मध्ये शाळेत रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षाला, गेला. ७ सप्टेंबरला, शुक्रवारी, नर्सरी बंद. आठवड्याचे ६० पौंड खर्च होता, त्याचे ७० टक्के, म्हणजे ४२, क्रेडिटमध्ये मिळायचे. खर्च थांबल्यावर चार आठवडे हक्क चालू राहतो, म्हणून जास्तीचे पैसे ५ ऑक्टोबरपासून मोजले आहेत. ५ एप्रिल २०१९ पर्यंत २६ आठवडे, १,०९२ पौंड. हिशेब बरोबर आहे. यावर वाद नाही.

वाद एवढाच की धाकटीने तेव्हाच कळवलं होतं. एकदा नाही, दोनदा. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे तो खर्च उतरला. पण पहिल्या दोन फोनांची तारीख? तिला आठवत नव्हती. "बाळ लहान होतं, उपास होता, एवढंच आठवतं." कसला उपास? जरा थांबून म्हणाली, "हरतालिका."

तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला २०१९ चं कालनिर्णय, आणि त्याच्यामागे २०१८ चंही तसंच लटकलेलं. पानं मागे उलटली. १२ सप्टेंबर, बुधवार, हरतालिका. त्या चौकटीत निळ्या बॉलपेनने, एका कोपऱ्यात दाटीवाटीने: "टॅ. क्रे. फोन. नर्सरी बंद सांगितलं. २२ मि." वर दुधाचा हिशेब, खाली बाळाच्या लसीची वेळ. पुढचं पान: १६ ऑक्टोबर, नवरात्राचा मंगळवार. "फोन परत. नोटिशीत नर्सरी तशीच." इथे मिनिटं नाहीत.

ते पान मी किती वेळ हातात धरून उभी होते. आई सांगलीला असंच लिहायची, गॅसचा नंबर लागला ती तारीख, कामवालीचे खाडे.

२ ऑक्टोबर, बुधवार

दोन कामं केली. मोबाइल कंपनीच्या खात्यातून सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०१८ ची बिलं उतरवून घेतली. १२ सप्टेंबरला हेल्पलाइनला २२ मिनिटं. १६ ऑक्टोबरला त्याच नंबरला ३१ मिनिटं. आकडे जुळले तेव्हा मी धाकटीला लगेच फोन लावला, ती कामावर होती तरी.

दुसरं, धाकटीच्या नावाने सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे स्वतःबद्दलची माहिती मागायचा अर्ज, पाठवली. माझ्या खात्यावरच्या सगळ्या नोंदी आणि या दोन तारखांच्या फोनांची रेकॉर्डिंग द्या. २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याने एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं, आणि पैसे पडत नाहीत.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

रिकन्सिडरेशनचा निर्णय आला. उत्पन्न २३,३१६ मान्य. पूर्ण. उत्पन्नाचा भाग रद्द, शिल्लक १,०९२. यंदाचं अवॉर्डही नव्याने मोजून वर आलं.

धाकटी रडली. चकली करता करता फोनवर होती, मागे तेलाचा आवाज.

२८ ऑक्टोबर, सोमवार, पाडवा

टीसी८४६ भरला. फॉर्मवर जागा पुरेना, म्हणून जोडपत्र लावलं, तारखांच्या क्रमाने. ७ सप्टेंबर खर्च बंद. १२ सप्टेंबर फोन, म्हणजे महिन्याच्या मुदतीत. २४ सप्टेंबरची सुधारित नोटीस, त्यात नर्सरी तशीच. १६ ऑक्टोबर फोन, म्हणजे नोटीस आल्यापासून ३० दिवसांच्या आत. पुस्तिकेत दोन्ही बाजूंची कर्तव्यं दिलेली आहेत: आपण बदल कळवायचा, नोटीस आली की तपासायची, चूक दिसली तर ३० दिवसांत सांगायची. त्यांनी सांगितलेलं ३० दिवसांत नोंदवायचं. मी रागाचं एकही वाक्य घातलं नाही. कोणत्या तारखेला कोणतं कर्तव्य कोणी पार पाडलं, एवढंच.

६ नोव्हेंबर, बुधवार

टॅक्स क्रेडिटच्या कार्यालयाकडून पाकीट. नोंदींची प्रिंट आणि एक सीडी, पासवर्ड वेगळ्या पत्राने.

१२ सप्टेंबरची नोंद आहे: ग्राहकाने बालसंगोपनाचा खर्च थांबल्याचं सांगितलं. पुढे कृती काही नाही. १६ ऑक्टोबरची नोंदच नाही, रेकॉर्डिंगही नाही.

संध्याकाळी दोघींनी सीडी ऐकली. सुरुवातीला ती स्वतःचा आवाज ऐकायला तयार नव्हती. "माझं इंग्लिश बघ कसं आहे." मी लावलीच. चार महिन्यांचं बाळ मागे कुरकुरतंय, आणि ही सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी बोलते आहे: नर्सरी स्टॉप, फिनिश, लास्ट फ्रायडे, नो मोअर पेमेंट. समोरची बाई म्हणते, ओके, आय हॅव अपडेटेड दॅट फॉर यू. धाकटीने पुन्हा विचारलं, आर यू शुअर?

मी तिला म्हटलं, याहून स्पष्ट कोणी काय सांगणार?

१६ डिसेंबर, सोमवार

डिस्प्यूट नाकारला. पहिला फोन मान्य, पण दुसऱ्या फोनची नोंद नाही. तेव्हा ग्राहकाने २४ सप्टेंबरची नोटीस वेळेत तपासली नाही असं धरून पूर्ण १,०९२ वसूल करू.

कालनिर्णयच्या पानाची प्रत मी जोडली होती, इंग्रजी भाषांतरासह. फोनचं बिल मात्र जोडलं नव्हतं. दोन्ही कॉल त्यांच्या नोंदीत असतीलच असं मी गृहीत धरलं होतं, आणि ६ तारखेला नाही म्हणून कळल्यावरही बिल मागाहून पाठवलं नाही. ही माझी दुसरी चूक. वसुली दरम्यान चालूच आहे, पुन्हा अर्धे पैसे. नाताळच्या सुट्टीत मुलांना काही घ्यायचं होतं, ते राहिलं.

४ जानेवारी २०२०, शनिवार

नवीन आणि महत्त्वाची माहिती असेल तर निर्णय एकदाच पुन्हा बघायला सांगता येतो, ३० दिवसांत. एकदाच, म्हणून घाई केली नाही. आज पाठवलं.

ऑक्टोबर २०१८ चं बिल, ३१ मिनिटांच्या ओळीला पिवळी खूण. सीडीतल्या पहिल्या फोनचा शब्दशः उतारा, वेळेसह. आणि एक परिच्छेद: जिने पहिल्या फोनवर "आर यू शुअर" विचारलं, तिने नोटीस तपासली आणि पाच आठवड्यांत त्याच नंबरवर ३१ मिनिटं बोलली. नोटीस बघितली नसती तर त्या फोनला दुसरं कारण काय? शिवाय, १२ सप्टेंबरला सांगितलेलं ३० दिवसांत नोंदवलं असतं तर १२ ऑक्टोबरनंतर एक पेनीही जास्त गेली नसती.

हे शेवटचं वाक्य लिहिताना दिसलं की ५ ते १२ ऑक्टोबरचा एक आठवडा आपल्याला सोडावा लागेल. ते ३० दिवस त्यांचे आहेत. ४२ पौंड. पत्रात आपणच तसं लिहिलं. धाकटीचा नवरा म्हणाला, कशाला लिहायचं, मागितलं तर देऊ. पण जे आपल्याकडे लागतं ते आपणच सांगितलं तर उरलेल्या १,०५० ला वजन येतं असं मला वाटतं.

१८ फेब्रुवारी २०२०, मंगळवार

पत्र आलं. १२ ऑक्टोबर २०१८ नंतरचे १,०५० पौंड मागणार नाही. ४२ देय. नोव्हेंबरपासून कापलेल्या पैशातून ते वजा करून बाकी खात्यावर परत येईल. शेवटी दिलगिरीची दोन वाक्यं आहेत, धाकटीने ती मला दोनदा वाचून दाखवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पैसे जमा झाले. थोरल्याला बूट घेतले, शाळेचे, त्याचे पुढून उघडलेच होते.

फाइल बंद करताना २०१८ चं कालनिर्णय तिने मागितलं, पण मी ते ठेवून घेतलं. टॅक्स क्रेडिटच्या जागी आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटकडे जावं लागलं तर जुन्या ओव्हरपेमेंटची बाकी तिकडे वळती होते, आणि तेव्हा हे कागद पुन्हा लागू शकतात.

बाकी कामं: एप्रिल संपला की दोन्ही नवे पी६०, या वर्षी मॅटर्निटी पे नाही. नवऱ्याची पेन्शन एप्रिल २०१९ पासून ३ वरून ५ टक्के झाली आहे, त्यामुळे वजावट ४०१ पेक्षा मोठी येईल, पगारचिठ्ठ्या आत्तापासून एका पाकिटात. रिन्युअल जूनमध्येच करायचं, ३१ जुलैची वाट बघायची नाही, आणि फोन मी सुट्टी घेऊन तिच्या शेजारी बसून करायचा.